आडवं उभं राहणं

१

आठवडाभर लोकांचे कान आणि शुक्रवारी आकाश, असे फरामर्जच्या आयुष्याचे सरळ दोन कप्पे होते.

इराणातल्या इस्फहानला, चहारबागेच्या मागच्या गल्लीत, एका दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर तो बहिरेपणा तपासायचा आणि कानाची यंत्रं बसवून द्यायचा. दवाखान्यात एक आवाजबंद खोली होती, मोठ्या कपाटाएवढी. तिला एक जाड काच. पेशंट आत खुर्चीवर बसे, कानांवर हेडफोन चढवी आणि फरामर्ज काचेबाहेर बसून एकेक सूर सोडी. ऐकू आला की पेशंटने बोट वर करायचं. दिवसभर बोटं वर होताना बघायची, हे त्याचं काम.

शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, त्याची बायको मंदाना तिच्या आईकडे जाई. फरामर्ज गरम संगक रोटी आणि पनीर खाऊन, चहाचा पेला घेऊन बाजूच्या खोलीत शिरे. तिथे त्याने लाकडाची चौकट ठोकून विमानाची खुर्ची बनवली होती. पायांशी पेडल, दोन्ही हातांशी दांडे, समोर तीन पडदे. आपापल्या घरांतून असेच आणखी तिघे बसलेले असत आणि कानातल्या हेडफोनवर चौघांची गाठ पडे. त्याला खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे. विमान सुरू करायचं तर एकेक बटण क्रमाने दाबायचं. इंधन संपलं तर संपलं. पाडला गेलास तर उठायचं, त्या दिवशी परत यायचं नाही. त्यांच्यात भांडणं व्हायची तीसुद्धा याच गोष्टींवरून, की खरं विमान एवढं घट्ट वळेल का, खऱ्या वैमानिकाला त्या क्षणी मान तरी हलवता येईल का.

अर्दलान त्यांचा म्होरक्या. जमिनीवर त्याचं मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आकाशात तो फारसा बोलत नसे आणि बोलला तर एकच गोष्ट पुनःपुन्हा बोले. "आडवा हो, फरी. पळू नकोस, आडवा हो."

युक्ती जुनी होती आणि खरी होती. शत्रूच्या रडारला जवळ येणारी वस्तू कळते, लांब जाणारीही कळते. त्याच्याकडे खांदा करून आडवं गेलं आणि खाली जमिनीलगत उतरलं, की त्याच्या लेखी तुम्ही जमीनच होता. कानातला इशाऱ्याचा सूर बंद पडतो. सूर तुटक येत असेल तर कोणी तरी शोधतंय. सलग झाला तर त्याने तुम्हाला पाहिलंय. चौघांच्याही अंगात हे इतकं भिनलं होतं, की सूर आला की डोकं विचार करायच्या आधी हात वळायचे.

२

सरगोर्द, म्हणजे मेजर, दश्ती फरामर्जकडे पेशंट म्हणूनच आले. हवाईदलातून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा सदरा, बोलणं कमी. इराकशी झालेल्या युद्धाच्या वर्षांत ते टॉमकॅट विमानात मागच्या जागेवर बसत. पुढचा विमान चालवी, मागचा रडार बघे. इंजिनांच्या आवाजाने दोन्ही कानांतले वरचे सूर कधीच गेले होते. पाखरू, फोनची घंटी, लहान मुलाचं रडणं, यातलं काही त्यांना ऐकू येत नव्हतं. फरामर्जने त्यांचा आलेख काढला तर रेघ मध्यापर्यंत येऊन कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती.

फरामर्जने शुक्रवारचा विषय काढला नसता तर पुढचं काही झालं नसतं. पण त्याने काढला, अर्दलानने धोशा लावला आणि एका सकाळी सरगोर्द अर्दलानच्या दुकानावरच्या खोलीत येऊन त्याच्या विमानाच्या खुर्चीत बसले. विमान आकाशात होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"कसं आहे, जनाब सरगोर्द?" अर्दलानने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"छान आहे. घाम येत नाही."

"पंखा बंद करू का?"

सरगोर्द हसले. मग हेडफोनमध्ये इशाऱ्याचा सूर वाजला आणि त्यांनी कपाळाला आठी घातली. "हे काय? दारावर दूधवाला आलाय?"

"इशारा आहे, साहेब. रडारचा."

"असा नसतो."

"मग कसा असतो?"

सरगोर्दांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते पुढच्या आठवड्यात यंत्राची बॅटरी बदलायला आले तेव्हा फरामर्जनेच म्हटलं, "सूर सोडणं हा माझा धंदा आहे. तुम्ही आत बसा. मी एकेक सोडतो, तुम्ही वर की खाली एवढं सांगा. जमलं तर जमलं."

ते नको म्हणाले. मग बसले.

फरामर्ज बटण फिरवत गेला. काचेपलीकडे सरगोर्दांचं बोट वर, वर, अजून वर, असं सांगत राहिलं. एका सुराशी थांबलं. मग त्यांनी दोन बोटं दाखवली. त्याच्या अगदी शेजारचा आणखी एक. दोन्ही सूर एकमेकांना घासले आणि काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा एक बारीक, थरथरता आवाज तयार झाला. सरगोर्दांनी होकाराची मान डोलावली.

फरामर्जचं लक्ष बटणाखालच्या आकड्यावर गेलं. हा सूर त्या कड्याच्या पार पलीकडचा होता. सरगोर्दांच्या कानांना तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. हेडफोनची थरथर हाडाला जाणवली असेल, त्याने स्वतःला सांगितलं, आणि सूर ध्वनिमुद्रित करून बंद केला.

आत सरगोर्द उठले होते. त्यांनी काचेकडे खांदा केला, भिंतीकडे तोंड केलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकावं तसे खाली वाकले. तसेच राहिले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

फरामर्जने दार उघडलं. "काय झालं, जनाब सरगोर्द?"

"पुरे. आता बंद करा."

"केव्हाच बंद केलाय," फरामर्ज म्हणाला. मग ते ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने ओठ मोठे हलवून पुन्हा सांगितलं.

३

अर्दलान खूश झाला. खेळातला जुना आवाज काढून नवा बसवायला त्याला फार वेळ लागला नाही. "हा ऐकला की हात आपसूक दांड्याकडे जातात," तो म्हणाला. "खरं ते खरं."

त्या शुक्रवारी दोघेच होते. सरावाचं उड्डाण, तेही शत्रूशिवाय. डोंगरांमधून खालून जायचं आणि परत यायचं. नकाशा अर्दलाननेच बनवलेला. सकाळ स्वच्छ होती, पडद्यावरचीही आणि खिडकीबाहेरचीही. चहा निम्मा प्यायला होता. एका वळणावर फरामर्जच्या कानात सूर वाजला. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

"अर्दलान, माझ्या मागे कोण आहे?"

"बायको असेल. लाटणं घेऊन."

"चेष्टा नको. कोणी तरी शोधतंय मला."

"फरी, नकाशा मी केलाय. त्यात तू आहेस, मी आहे आणि डोंगर आहेत. माझं रडार बंद आहे. डोंगरांना रडार नसतं."

"तुला ऐकू येत नाही?"

"तुझा श्वास ऐकू येतोय. घोड्यासारखा."

सूर पुन्हा वाजला, आता मधली जागा कमी होती. फरामर्जच्या हातांनी विमान आडवं केलं, दरीत उतरवलं. सूर थांबला. तो दरीतून बाहेर आला, सरळ झाला. सूर आला. पुन्हा आडवा झाला. थांबला.

"काय चाललंय तुझं? नाचतोयस का?"

"आडवा झालो. सुटलो."

"कशापासून सुटलास, बाबा? इथे काही नाही," अर्दलान म्हणाला, आणि थोडं थांबून, जरा वेगळ्या आवाजात, "फाइल बिघडली असेल. मी बघतो."

अर्दलानने बघितलं. फाइल ठीक होती. तरी त्याने ती काढून टाकली आणि जुना आवाज परत बसवला.

४

बुधवारी दुपारी फरामर्ज जेवायला घरी आला तेव्हा मंदाना शाळेतून आली नव्हती. ती मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. त्याने गॅसवर भाजी ठेवली, चपला काढून पायांत घरातल्या सपाता चढवल्या आणि हात धुवायला निघाला. त्यांच्या घरात पुढच्या दारापासून मागच्या अडगळीच्या खोलीपर्यंत एक लांब बोळ होता आणि बाकीच्या खोल्या त्या बोळाच्या दोन्ही अंगांना. तो बोळात आला आणि सूर वाजला.

संगणक बंद होता. त्याने जाऊन पाहिलं, तारसुद्धा भिंतीतून काढलेली होती. कूलर बंद होता. फ्रिजची घरघर खालच्या पट्टीची. सूर पुन्हा वाजला, बारीक, थरथरता, ओल्या बोटाचा.

फरामर्ज घाबरला नाही, कारण या गोष्टी त्याला पाठ होत्या. कान थकले की आपणच आवाज बनवतात. त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी हीच तक्रार घेऊन यायचं आणि तो त्यांना समजावून परत पाठवायचा. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर तो स्वतः आवाजबंद खोलीत बसला आणि स्वतःची तपासणी केली. कान स्वच्छ होते, वयाच्या मानाने उत्तमच. मग त्याने हेडफोन काढले, दार लावून घेतलं आणि त्या कापसासारख्या शांततेत बसून राहिला.

सूर आला. आणि आता त्याला जे कळलं ते त्याने कोणत्याच पेशंटकडून कधी ऐकलं नव्हतं. कानातला आवाज डोक्यात असतो, त्याला दिशा नसते. याला दिशा होती. तो काचेच्या बाजूने येत होता. दवाखान्यात काच पश्चिमेला होती. घरी अडगळीची खोली पश्चिमेला होती.

त्याने खुर्ची फिरवली, पश्चिमेकडे खांदा केला, जरासा वाकला. सूर बंद. तो तसाच बसला आणि स्वतःशीच हसला, कारण एक शहाणासुरता माणूस कपाटात वाकून बसला होता. हसता हसता त्याला आठवलं, की याच खुर्चीपाशी आणखी कोणी तरी असंच वाकलं होतं.

त्यानंतर त्याने सवय लावून घेतली. कारण काही असो, उपाय सापडला होता, आणि उपाय सापडला की माणूस कारणाच्या मागे लागत नाही. जेवायला तो खिडकीकडे खांदा करून बसू लागला. बोळातून सरळ चालायचं टाळू लागला. जायचंच झालं तर भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल बाजूला टाकत जाई.

"खेकडा झालास का?" मंदाना म्हणाली.

"कंबर धरलीये."

"त्या लाकडी खुर्चीत बस अजून." ती चहाचे पेले उचलून स्वयंपाकघरात गेली. एक पेला तिच्या हातून फुटला. ती सहसा काही फोडत नसे.

५

तुटक सुरांमधलं अंतर कमी होत चाललं तेव्हा फरामर्ज सरगोर्दांच्या घरी गेला. दुपारची वेळ होती, गल्लीत ऊन साचलं होतं, कुठे तरी कोणी गालिचा झटकत होतं. दार ढकललेलंच होतं. सरगोर्द आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. टीव्ही त्यांच्या डाव्या हाताला होता आणि चालू होता, पण त्यांचं तोंड समोरच्या बंद दाराकडे होतं. खोलीतलं बाकी सगळं सामान टीव्हीकडे वळलेलं होतं. एक ही खुर्ची सोडून.

"सलाम, जनाब सरगोर्द."

त्यांनी मान वळवली नाही. कानांत यंत्रं नव्हती, ती टेबलावर काचेच्या बशीत पडलेली होती. फरामर्ज त्यांच्या दृष्टीस पडेल असा पुढे येऊन उभा राहिला.

"डॉक्टर," ते म्हणाले. "जरा बाजूला व्हा. समोर नको."

तो बाजूला झाला. बंद दार पश्चिमेच्या भिंतीत होतं.

"सूर येतोय," फरामर्ज मोठ्याने म्हणाला. "घरी. काही चालू नसताना."

सरगोर्द शेजारच्या समोवारमधून त्याच्यासाठी चहा ओतू लागले. नजर दारावरच. पेला भरला, बशी भरली, चहा टेबलावरून खाली ठिबकू लागला, तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"तुम्ही काय केलंत?"

"आडवा झालो."

"हं. होणारच तुम्ही. आपण सगळ्यांना तेच शिकवतो."

"तो थांबतो."

"तुमच्यापुरता थांबतो."

"कसला आहे तो? कोणाचं रडार? तुम्हाला तो सूर ऐकू येऊच शकत नाही. मी तुमचे कान पाहिलेत."

सरगोर्दांनी पेला त्याच्याकडे सरकवला. टीव्हीवर कोणी तरी भात कसा दमावर ठेवायचा ते सांगत होतं. "मला दुसरं काही ऐकू येत नाही," ते शेवटी म्हणाले. "हा येतो." आणि मग, जसं पाहुण्याला मुलाबाळांचं विचारावं तसं, "घरात तुमच्याशिवाय कोण आहे?"

"बायको."

"तिला विचारलंत?"

"काय?"

"काही ऐकू येतं का म्हणून."

फरामर्जने चहा प्यायला नाही. जिन्यावरून उतरताना त्याच्या लक्षात आलं, की आपण जिना उतरतानाही कठड्याला पाठ लावून, आडवे उतरतोय.

६

पुढचं दार उघडलं तेव्हा घरात शांतता होती. मंदानाची पर्स खुंटीला होती, चपला दाराशी होत्या. स्वयंपाकघरात नळ बारीक धारेने वाहत होता.

ती ओट्याशी होती. पण ओट्याकडे तोंड नव्हतं तिचं. पश्चिमेकडे खांदा करून, गुडघ्यांत किंचित वाकून, मान खाली घालून ती उभी होती, आणि हातात साबण लावलेली बशी तशीच धरलेली होती. साबणाचं पाणी कोपरावरून गळत होतं. तिला कोणी हे शिकवलं नव्हतं. तिने त्या पडद्यांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"मंदाना जान."

ती दचकली, सरळ झाली, पुन्हा चटकन वाकली. "दार लाव," ती म्हणाली. "अशी उभी राहिले की थांबतं."

त्याने नळ बंद केला. तिच्या हातातली बशी घेतली. "केव्हापासून?"

"माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो होतो ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुला सांगणार होते. पण तू दिवसभर हेच ऐकतोस लोकांचं. म्हणशील, कान थकलेत, झोप जरा. शाळेतल्या नर्सलापण विचारलं. तिने ड्रॉप्स दिले." ती हसण्याचा प्रयत्न करत होती. "घालतेय रोज. तेलासारखे आहेत, उशी खराब झाली."

फरामर्जने तिला खुर्चीत बसवलं, बोळाकडे तोंड करून. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याने तेच केलं जे तो रोज करत होता. "डोळे मिट," तो म्हणाला. "ऐकू आलं की बोट वर कर. थांबलं की खाली."

"आणि तू?"

"मी इथेच आहे."

तो बोळात गेला. दुपारच्या उन्हाचा एक लांब पट्टा अडगळीच्या खोलीच्या खिडकीतून बोळाच्या फरशीवर पडला होता. तो पट्ट्यात उभा राहिला आणि पश्चिमेकडे तोंड केलं. सूर त्याच्यावर आला, आता भराभर, शिवणयंत्रासारखा. त्याने मागे पाहिलं. मंदानाचं बोट खाली होतं.

तो आडवा झाला, वाकला. सूर गेला.

मंदानाचं बोट वर झालं.

त्याने तोंड फिरवलं. बोट खाली. तो आडवा झाला. बोट वर. त्याने पाय न वाजवता, श्वासही न वाजवता पुन्हा केलं, कारण एकदा चुकावं, एकदा तरी चुकावं असं त्याला वाटत होतं. तिचं बोट वर राहिलं, आणि मग तिने डोळे उघडले. तो कसा उभा आहे ते तिने पाहिलं.

"तू वळलास की येतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे तू सुटलास की माझ्याकडे येतं."

 मंदानाने पदरासारखं ओढणीचं टोक हातात घेतलं, कोपर पुसलं, आणि वर्गात प्रयोग मांडताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "मग वाटून घेऊ. सकाळी तू, दुपारनंतर मी."

"भांडी आहेत का ती वाटून घ्यायला?"

"भांडी तू कधी घासलीस?"

दोघंही जरा हसले. हसणं संपलं तेव्हा तिचं बोट अजून वरच आहे हे दोघांच्याही लक्षात आलं. फरामर्ज वळला आणि पश्चिमेकडे तोंड केलं.

आकाशात याचीही एक युक्ती होती, पण ती कोणाला आवडत नसे. जोडीदाराच्या मागे काही लागलं असेल तर आपण मुद्दाम त्याच्या समोर जायचं. सरळ, नाक त्याच्याकडे करून. त्याने आपल्याकडे बघावं म्हणून.

तो बोळातून चालू लागला. सरळ, खांदा कुठेही न वळवता.

७

अडगळीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या होत्या, गुंडाळलेल्या रजया होत्या, जुन्या कूलरच्या गवताच्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. सगळं जिथल्या तिथे. दारातून पाऊल आत पडलं तसे तुटक सूर एकमेकांत मिसळले आणि सलग झाले. मग त्या आवाजात फट राहिली नाही.

"थांबलं," मागून मंदाना म्हणाली. तिच्या आवाजातला सैलपणा त्याला ऐकू आला. "फरामर्ज, माझं थांबलं. तिथे काय आहे?"

खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी होती, एक डिश अँटेना होता, आणि धुळीने पांढरं पडलेलं आकाश. त्या आकाशात एक ठिपका होता. खसखशीच्या दाण्याएवढा.

दर शुक्रवारी उडणाऱ्या माणसाला एक गोष्ट कोणी सांगावी लागत नाही. बाजूने जाणारं विमान काचेवर सरकतं. जे तुमच्यावरच येत असतं ते सरकत नाही. ते एका जागी राहतं आणि मोठं होतं.

फरामर्जने मान डावीकडे नेली. टाकी खिडकीच्या चौकटीमागे सरकली. ठिपका सरकला नाही. मान उजवीकडे नेली. अँटेना सरकला, टाकी परत आली. ठिपका कशाबरोबरच सरकला नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "रजया आहेत."

त्यानंतर त्याने बोळाच्या तोंडाशी खुर्ची ठेवली, अडगळीच्या खोलीकडे तोंड करून. दवाखान्यात त्याने टेबल हलवून घेतलं. आता तो पेशंटकडे न बघता सूर सोडायचा, आणि ऐकू आल्यावर बोट वर न करता "हो" म्हणा असं त्यांना सांगायचा. झोपायचा तो पाय पश्चिमेकडे करून, उताणा. अर्दलान एकदा आला, पडदे आणि पेडल घेऊन गेला, कारण ते फरामर्जनेच त्याला देऊन टाकले होते. चहा पिताना तो बराच वेळ फरामर्जच्या बाजूच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"माझ्याकडे बघत का नाहीस, फरी? मी काही केलं का?"

"नाही रे."

"मी तो सूर काढून टाकलाय. आमच्यापैकी कोणालाच काही आलं नाही."

"बरं झालं."

मंदानाला काहीच ऐकू येत नव्हतं. ती शाळेत जाई, नीट झोपे, पेले फोडत नसे. फरामर्जच्या खुर्चीशेजारी गालिच्यावर बसून ती वह्या तपासायची आणि मुलींनी काय काय अकलेचे तारे तोडलेत ते वाचून दाखवायची. तो समोर बघून हसायचा. ती हसते तेव्हा तिच्या नाकाला मुरड पडते हे त्याला माहीत होतं, पण ती बघायला मान वळवावी लागली असती. मान वळवायचा धोका तो घेत नव्हता. किती वळलं तर चालतं, हे त्याला कळत नव्हतं, आणि ते तिच्यावर करून बघायचं नव्हतं.

सूर सलग होता. खसखस मसूर झाली होती. मसुराचा वाटाणा झाला तेव्हाही तो काळसर आणि गोल होता, पंख नव्हते, धूर नव्हता. त्या खुर्चीतच दाढी करताना, जेवताना, तो किती मोठा झालाय हे न मोजायला फरामर्ज शिकला. अजून लांब आहे, तो मनाशी म्हणायचा. टाकीच्या पलीकडे, शहराच्या पलीकडे, डोंगराच्याही पलीकडे.

हिवाळा लागत होता. एका सुट्टीच्या दुपारी मंदाना डाळिंबं सोलायला बसली. थोडा वेळ ती नेहमीच्या जागी, त्याच्या शेजारी बसली होती. मग ती उठली, स्टूल ओढलं आणि परात मांडीवर घेऊन त्याच्या अगदी समोर, अडगळीच्या खोलीकडे पाठ करून बसली.

"हे आधी का सुचलं नाही कोण जाणे," ती म्हणाली. "तुला तिकडेच बघायचंय ना? मी तिकडेच बसते. दोन्ही कामं होतील. बघ आता माझ्याकडे."

फरामर्जने तिच्याकडे बघितलं. तिच्या कानामागे पांढऱ्या केसांची एक बट आली होती, ती त्याला माहीत नव्हती. बोटं डाळिंबाने लाल झाली होती. आता ती मध्ये आली आहे, तिच्या मागे खोली, खोलीमागे खिडकी, खिडकीमागे आकाश. म्हणजे आता निदान तेवढा वेळ तरी ते दिसणार नाही, असं त्याला वाटलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने डोळे पुसले.

ठिपका होता तिथेच होता. तिच्या हनुवटीवर आणि खालच्या ओठावर, गोल, काळसर. ती बोलत होती आणि तिचं तोंड दिसत नव्हतं. तिच्या मागे नव्हता तो, दोघांच्या मध्ये होता.

"दिसते ना मी?" मंदाना म्हणाली.

"दिसतेस," फरामर्ज म्हणाला, आणि तिला कळणार नाही इतक्या हळू त्याने आपली खुर्ची थोडी मागे ओढली.